मेथी निवडताना सुचलं, पण कधीपासून?

जुलैतली रविवार संध्याकाळ. ओट्यावर मेथीच्या दोन जुड्या, बाहेर रिपरिप. दिवाळी अंकाची कथा द्यायला तीन आठवडे उरलेले आणि कथा बारा दिवस एकाच जागी अडकलेली. नारायण पेठेतला वाडा विकायला निघालाय, चार भावंडांपैकी तिघांनी सह्या केल्यात, थोरली बहीण करत नाही. का करत नाही, हे मलाच कळत नव्हतं. पैसा, रुसवा, आठवणी, सगळी कारणं लिहून खोडून झाली होती. दुसरी जुडी निम्मी झाली आणि एकदम लख्ख दिसलं. वाड्याचं लाइटबिल अजून वडिलांच्याच नावानं येतं. ते जाऊन अकरा वर्षं झाली, आणि ती दर महिन्याला त्या नावाचं बिल भरते. सही केली की ते नाव जाणार. हात पुसले आणि वाण्याच्या यादीच्या मागे लिहून ठेवलं : ‘बिलावरचं नाव’.

मराठीत ‘मी सुचले’ असं कुणी म्हणत नाही, ‘मला सुचलं’ म्हणतो. भूक लागते, झोप येते, आठवण येते, तसंच सुचतं. म्हणजे ते आपल्या हातात नाही, असं आपलं व्याकरणच सांगतं. मग नोकरी, घर, मुलांच्या परीक्षा आणि सिंहगड रोडचा ट्रॅफिक यातून कधीतरी निवांत वेळ मिळेल आणि सुचेल, म्हणून आपण थांबून राहतो. यातला सुचण्याचा भाग बराचसा खरा आहे. थांबून राहण्याचा भाग मात्र लिहिणाऱ्याचं मोठं नुकसान करतो.

ग्रॅहम वॉलास या इंग्रज अभ्यासकानं १९२६ साली सर्जनाचे चार टप्पे मांडले : तयारी, उबवण, स्फुरण आणि पडताळणी. त्याच्यासमोर फ्रेंच गणिती आंरी प्वांकारेचा अनुभव होता. कित्येक दिवस एका प्रश्नाशी झुंजून प्वांकारे सहलीला निघाला आणि घोडागाडीच्या पायरीवर पाय ठेवताक्षणी, त्या विषयाचा विचारही मनात नसताना, त्याला उत्तर सापडलं. ही गोष्ट सांगताना पायरीचा भाग रंगवून सांगितला जातो, आधीची झुंज एका वाक्यात उरकली जाते. मला ती झुंजच जास्त महत्त्वाची वाटते. अंडं घातलेलंच नसेल तर उबवायचं काय?

पुढे या उबवणीवर पुष्कळ प्रयोग झाले. उट ना सिओ आणि टॉमस ऑर्मरॉड यांनी २००९ मध्ये अशा ११७ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. प्रश्न बाजूला ठेवून थोड्या वेळानं परत हातात घेतला तर फायदा होतो, हे त्यातून दिसलं. पण त्याहून मोलाच्या दोन गोष्टी पुढे आल्या. बाजूला ठेवण्याआधी जितका वेळ प्रश्नाशी घासाघीस केली असेल तितका फायदा जास्त. आणि मधला वेळ डोकं पिळून काढणाऱ्या कामात गेला तर फायदा कमी. शब्दांच्या कोड्यांमध्ये तर मधल्या वेळात एखादं हलकं काम करणारी माणसं नुसती स्वस्थ बसलेल्यांपेक्षाही सरस ठरली. मेथी निवडणं, कपड्यांच्या घड्या घालणं, शेंगा सोलणं ही तशीच कामं. हात गुंतलेले, मन मोकळं.

मोकळं मन म्हणजे बंद मन नव्हे. मेंदू शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के, पण शरीराची सुमारे २० टक्के ऊर्जा तो एकटा वापरतो, आणि आपण ‘काही करत नसतो’ तेव्हाही हा खर्च फारसा उतरत नाही. मार्कस रेकल आणि सहकाऱ्यांनी २००१ साली दाखवलं की बाहेरच्या कामातून लक्ष सुटलं की मेंदूतले काही ठरावीक भाग उलट जास्त जागे होतात. त्या जाळ्याला ‘डिफॉल्ट मोड नेटवर्क’ म्हणतात. जुन्या आठवणी, उद्याच्या कल्पना, दुसऱ्याच्या मनात काय चाललं असेल याचा अंदाज, ही सगळी त्याची कामं. कथा लिहिणाऱ्याला आणखी काय हवं असतं?

म्हणूनच मला रिकाम्या फटींची फार काळजी वाटते. स्वारगेटला बसची वाट बघतानाची सात मिनिटं, दूध तापेपर्यंतची चार. पूर्वी या फटी आपोआप रिकाम्या राहायच्या, आता त्यांत मोबाइल जातो. दिवसभर राबणाऱ्या माणसाकडे सलग तास नसतातच, त्याच्याकडे या फटी असतात. त्या जपाव्यात असं मला मनापासून वाटतं.

आणि चालावं. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मॅरिली ओपेझो आणि डॅनियल श्वार्त्झ यांचा २०१४ चा अभ्यास सांगतो की चालताना माणसांना नव्या कल्पना बसलेल्यापेक्षा सरासरी ६० टक्के जास्त सुचल्या, अगदी कोऱ्या भिंतीकडे तोंड करून ट्रेडमिलवर चालतानाही. वेताळ टेकडी किंवा तळजई गाठता आली तर उत्तमच, पण घराच्या गच्चीवरही भागतं. याच अभ्यासातली दुसरी बाजू मात्र क्वचित सांगितली जाते. एकच नेमकं उत्तर शोधायचं असेल तिथे चालणारे किंचित मागे पडले. तेव्हा सुचायला टेकडी आणि सुचलेल्यातून निवडायला खुर्ची.

आता वाट बघण्याबद्दल. रॉबर्ट बॉइस या मानसशास्त्रज्ञानं १९८३ साली लेखन रखडलेल्या प्राध्यापकांवर एक प्रयोग केला. एकूण २७ जण, म्हणजे प्रयोग लहानच. एका गटानं तातडीचं सोडून काहीच लिहायचं नाही, दुसऱ्यानं वाटेल तेव्हा लिहायचं, तिसऱ्यानं रोज लिहायचंच. न लिहिल्यास नावडत्या संस्थेला पैसे पाठवायचे. तिसऱ्या गटानं जास्त पानं लिहिली यात नवल नाही. पण नव्या कल्पनाही त्यांनाच जास्त सुचल्या : साधारण रोज एक. मनाप्रमाणे लिहिणाऱ्यांना दोन दिवसांतून एक, न लिहिणाऱ्यांना पाच दिवसांतून. हे वाचल्यापासून मी रविवारच्या भरवशावर राहणं सोडलं. रोज रात्री भांडी आवरल्यावर पंधरा मिनिटं वही उघडायची. त्या बारा दिवसांतही रोज उघडली होती, रोज खोडलं होतं. मेथीनं दिलेलं उत्तर त्या खोडाखोडीचं आहे.

माझ्या हातात सध्या दोन लेखनं आहेत, ही कथा आणि मुलांसाठीची एक कादंबरिका. दोन्ही एकदम चालवताना आधीच्या भाजीचा वास राहिलेल्या कढईत खीर करावी तसं होतं. सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये नेमकं हेच मोजलं. एक काम अर्धं टाकून दुसऱ्याकडे वळलो की लक्षाचा काही भाग पहिल्यापाशीच घुटमळतो आणि दुसरं काम कच्चं होतं. पुढे २०१८ मध्ये टेरेसा ग्लॉम यांच्यासोबत त्यांनी उपायही तपासला : काम सोडण्यापूर्वी मिनिटभर थांबून, कुठे आहोत आणि परतल्यावर पहिली गोष्ट काय करायची, एवढं लिहून ठेवायचं. त्यानं मन पुढच्या कामाला लवकर मोकळं होतं.

अप्पा बळवंत चौकातून मी दोन वेगळ्या रंगांच्या वह्या आणल्या आहेत. उठण्याआधी प्रत्येकीत पेन्सिलीनं एकच ओळ. काल निळ्या वहीत लिहिलं : ‘बहीण बिल भरायला रांगेत उभी. खिडकीतला माणूस नाव विचारतो.’ मग वही मिटली, लाल उघडली. त्यात परवाची ओळ होती : ‘मांजर गच्चीवरून खाली बघते. पाणी किती चढलंय?’ पावसाचा आवाज चालूच होता, आणि मांजराला काय दिसलं ते मी लिहायला घेतलं.