ब्रागांझा घर (चांदर)

ब्रागांझा घर : दक्षिण गोव्यात सासष्टी तालुक्यातील चांदर गावची जुन्या भाटकार (जमीनदार) घराण्याची हवेली. मडगावपासून गाडीने अर्ध्या तासाच्या आत पोचता येते. मूळ बांधकाम सतराव्या शतकातले मानतात. आज दिसणारा थाट मात्र पुढच्या पिढ्यांनी हळूहळू चढवलेला आहे. चर्चच्या पटांगणाशी तिची लांबलचक दर्शनी बाजू पसरली असून वरच्या मजल्यावर ओळीने 24 खिडक्या आहेत. घर पाहुण्यांना खुले आहे आणि घराण्याची माणसेही त्यातच राहतात. सरकारी संग्रहालयातली काचेची कपाटे आणि लेबले इथे शोधू नयेत.

चांदर म्हणजे प्राचीन चंद्रपूर. भोज राजांची आणि पुढे कदंबांची ही राजधानी होती. अकराव्या शतकात कदंबांनी ती गोपकपट्टणला (आजचे गोवा वेल्हा) हलवली. कुशावतीकाठच्या या गावात उत्खननात जुन्या शिवमंदिराचे अवशेष आणि मुंडके तुटलेला दगडी नंदी सापडला. हवेलीकडे येणारे बहुतेक पर्यटक तिकडे फिरकत नाहीत. खरे तर आधी नंदी आणि मग हवेली या क्रमाने गेले, तर गाव नीट कळते.

घराचा जिना एकच. वर गेल्यावर मात्र दोन संसार लागतात. पश्चिमेकडचा भाग मिनेझिस ब्रागांझा शाखेचा, पूर्वेकडचा पेरेरा ब्रागांझा शाखेचा. दोन्हीकडे दाखवणारे वेगळे आणि देणगीही वेगळी द्यायची असते. पश्चिम भागात इटालियन संगमरवराची जमीन, झुंबरे, मकाव आणि चीनहून आलेली चिनी मातीची भांडी आणि शिसवी फर्निचर आहे. असे फर्निचर गोव्यातल्या सुतारांनी युरोपीय नमुन्यांवरून घडवले, पण कोरीव कामात हात इथलाच दिसतो. खुर्चीची पाठ पोर्तुगीज वळणाची, त्यावरची वेलबुट्टी गावच्या देवळाच्या दारावर शोभेल अशी, आणि आसन वेताचे, कारण सासष्टीच्या दमट उन्हाळ्यात गादीवर बसवत नाही. पूर्वेकडचा भाग तुलनेने दाटीवाटीचा आणि थोडा उदास, तरी अधिक घरगुती वाटतो. तिथल्या खासगी कपेलात (प्रार्थनाघरात) संत फ्रान्सिस झेवियर यांचे नख जपलेले आहे. पोर्तुगालचे राजे दों लुईस (कारकीर्द 1861–1889) यांनी पेरेरा ब्रागांझा घराण्याला भेट दिलेल्या दोन उंच पाठीच्या खुर्च्याही घरात मानाने मांडलेल्या आहेत.

राजाच्या खुर्च्या मिरवणाऱ्या याच घरातून राजवटीला आव्हान देणारा माणूस निघाला. लुईस द मिनेझिस ब्रागांझा (1878–1938) चांदरला जन्मले. गोव्यातले पहिले पोर्तुगीज दैनिक ‘ओ हेराल्दो’ 1900 मध्ये निघाले, ते सुरू करणाऱ्यांत ते होते. पुढे पोर्तुगालचा हुकूमशहा झालेल्या सालाझारच्या वसाहत कायद्याविरुद्ध 1930 मध्ये त्यांनी गोव्याच्या विधिमंडळात स्वयंनिर्णयाच्या हक्काचा ठराव मांडला. पश्चिम भागातले सुमारे 5,000 पुस्तकांचे ग्रंथालय मुख्यतः त्यांचे. झुंबरांपेक्षा इथे जास्त वेळ द्यावा. पणजीतल्या ‘इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझा’ला त्यांचेच नाव आहे, 1871 मध्ये स्थापन झालेली ही संस्था गोवा मुक्तीपूर्वी वास्को द गामाच्या नावाने चाले. गोवा काँग्रेस कमिटीचे संस्थापक त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांचा जन्मही चांदरचाच (1891).

घर पाहुण्यांना उघडण्यामागे हौसेपेक्षा हिशोब मोठा आहे. अशा हवेल्या भाताच्या शेतांच्या आणि नारळाच्या भाटांच्या (बागांच्या) खंडावर, म्हणजे कुळांकडून येणाऱ्या भाड्यावर, उभ्या होत्या. 1964 चा कूळ कायदा, 1975 चा मुंडकार (भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणारा) कायदा आणि 1976 ची ‘कसेल त्याची जमीन’ ही दुरुस्ती यांनी ते उत्पन्न संपले. पिढ्यान्पिढ्या राबलेल्या कुळांना न्याय मिळाला, यात शंका नाही. पण कौले फेरणे, वाळवी आवरणे आणि छताची दुरुस्ती यांचा खर्च तसाच राहिला. त्यात गोव्यात आजही चालू असलेल्या पोर्तुगीज दिवाणी संहितेनुसार वारसा सर्व मुलामुलींत वाटला जातो. एका घराचे डझनावारी मालक होतात, निम्मे परदेशात असतात, आणि एका सहीसाठी दुरुस्ती किंवा विक्री अडते. दारात कुलूप, आत पिंपळ अशी घरे सासष्टीत वाटेवर दिसतात, ती बहुधा यामुळेच. चांदरच्या दारातली देणगीपेटी म्हणूनच औपचारिक समजू नये.

जाणाऱ्याने फोटो काढण्यापूर्वी विचारावे, पुस्तकांना आणि भांड्यांना हात लावू नये. रविवारी सकाळी प्रार्थनेच्या वेळी जाणे टाळलेले बरे.

गोव्यात अशी आणखीही घरे आहेत. केप्याला कुशावतीच्या काठी 1787 मध्ये बांधलेले डीनचे, म्हणजे चर्चमधल्या वरिष्ठ धर्मगुरूचे, घर (पालासियो दो देआंव) नीट डागडुजी करून खुले केलेले आहे. लोटलीलाही काही जुनी घरे पाहता येतात. पेडण्याचा देशप्रभूंचा वाडा वेगळ्या घडणीचा: राजांगणे असलेला हिंदू वाडा, तरी घराण्याला विस्कोंद (व्हायकाउंट) ही पोर्तुगीज सरदारी पदवी. गोव्यातल्या घरबांधणीचा एकत्रित अभ्यास करायचा असेल, तर पर्वरीजवळच्या तोर्डा येथील ‘हाउसेस ऑफ गोवा’ हे जहाजाच्या आकाराचे संग्रहालय सोयीचे. तिथे नकाशे, दारे, खिडक्या, फरशा सुट्या सुट्या पाहता येतात.