आमचा कॉलेजवाला टेक्स्ट गेम: फुकट आहे, मराठीत आहे, खेळायच्या आधी एवढं वाचून घ्या

नमस्कार. आमच्याकडे कॉम्प्युटर रिपेअरला आणता, मराठी टायपिंग टाकून घेता, तेव्हा जाताना आम्ही विचारतो की "गेम टाकून देऊ का?" आणि बरेच जण विचारतात की कसला गेम, किती पैसे, व्हायरस तर नाही ना. दर वेळी काउंटरवर उभं राहून सांगणं होत नाही म्हणून हे लिहून ठेवलं.

हा टेक्स्ट ॲडव्हेंचर गेम आहे. म्हणजे चित्र नाही, आवाज नाही, काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं. गेम तुम्हाला सांगतो तुम्ही कुठे आहात, समोर काय दिसतंय, आणि मग थांबतो. पुढे काय करायचं ते तुम्ही मराठीत टाइप करायचं, बटणं दाबायची नाहीत.

गोष्ट नागपूरच्या एका कॉलेजची आहे, कॉलेज काल्पनिक आहे. उन्हाळा, होस्टेलची खोली, आज संध्याकाळी पाचपर्यंत जर्नल सबमिट करायचंय, तीन सह्या बाकी आहेत आणि हॉल तिकीट हातात नाही. मधला एक तुकडा असा आहे:

दुसऱ्या मजल्यावरची केमिस्ट्रीची लॅब. पंखा बंद आहे. कपाटाला कुलूप. दाराशी स्टुलावर शिपाईकाका बसलेत, हातात किल्ल्यांचा जुडगा.
> कपाट उघड
कुलूप लागलंय.
> काकांना किल्ली माग
काका तुझ्याकडे नीट पाहतात. "पहिले हे सांग, चार दिवस होता कुठं बे?"

आता इथे खरं सांगितलं तर एक होतं, थाप मारली तर वेगळंच होतं आणि ती थाप काका दुपारी सरांसमोर काढतात. हॉल तिकिटाचा जो भाग आहे तो माझ्या स्वतःच्या फायनल इयरचा आहे, विषयाचा कोड चुकून छापून आला होता आणि मला तीन दिवस या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरवलं, आई रोज फोन करून विचारायची झालं का. गेम लिहिताना तो भाग मी सगळ्यात आधी लिहिला.

असे गेम नवीन नाहीत. अमेरिकेत विल क्राउदर नावाचा प्रोग्रामर होता, गुहांमध्ये फिरायचा नाद होता त्याला, त्याने 1970 च्या दशकाच्या मधल्या काळात केंटकीच्या मॅमथ केव्हवरून आपल्या मुलींसाठी असा पहिला गेम लिहिला आणि 1977 मध्ये डॉन वुड्सने तो वाढवला. त्यात फक्त दोन शब्दांचा हुकूम चालायचा. कॉलेजवरचाही जुना गेम आहे, 1987 चा 'द लर्किंग हॉरर', त्यात बर्फाच्या वादळात विद्यापीठात अडकलेल्या पोराला रात्रीतून पेपर लिहून पूर्ण करायचा असतो. म्हणजे सबमिशनचं टेन्शन तिकडेही सारखंच.

पण हे सगळे इंग्रजीत, आणि आमची खरी मेहनत इथेच गेली. इंग्रजीत हुकूम क्रियापदाने सुरू होतो, गेमने पहिला शब्द पकडला की अर्धं काम झालं. आपल्याकडे क्रियापद शेवटी येतं, आणि नाही आलं तरी चालतं, "उघड ना कपाट" असंही आपण म्हणतो. वर शब्द बदलतात. कुलूप असतं पण "कुलपाला" म्हणतो, डबा असतो पण "डब्यात", पंखा पण "पंख्यावर". कॉम्प्युटरला 'कुलूप' आणि 'कुलपा' हे दोन वेगळे शब्द वाटतात, त्यामुळे गेममधल्या प्रत्येक वस्तूचं सामान्यरूप आम्ही हाताने भरलंय. म्हणून तुम्ही बोलता तसंच लिहा. "किल्लीने कुलूप उघड", "कुलूप किल्लीने उघडून टाक", "घे", "घेऊन घे", सगळं चालतं. स्पेलिंगचंही तेच, कॅन्टीन, कँटीन, कॅंटीन, काहीही लिहा. फक्त इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं तर सध्या कळत नाही, तेवढं सांभाळून घ्या.

एक प्रॉब्लेम आमच्याकडून झाला होता तो सांगतो कारण जुनी कॉपी अजून काही जणांकडे आहे. "दुसऱ्या मजल्यावर जा" टाइप केलं की काही जणांना गेम म्हणायचा, समजलं नाही. स्क्रीनवर शब्द अगदी बरोबर दिसत होता, आम्ही दोन दिवस डोकं धरून बसलो. मग कळलं की 'ऱ्या' मधला तो आडवा र दोन तऱ्हेने टाइप होतो, डोळ्याला एकच पण आत कोड वेगळे. 'ॲडमिशन' मधल्या ॲ चंही तसंच. आता दोन्ही चालतात, जुनी कॉपी असेल तर बदलून घेऊन जा.

फुकट म्हणजे काय तेही सांगतो, कारण यात घोळ होतो. हा फ्रीवेअर आहे. मित्राला द्या, होस्टेलच्या सगळ्या पोट्ट्यांना वाटा, पैसे नाहीत, जाहिरात नाही, इंटरनेट लागत नाही, ट्रायल संपली वगैरे काही नाही. पण गेमचा हक्क आमच्याकडेच आहे, म्हणजे कुणी सीडीवर टाकून विकायचा नाही आणि गोष्ट बदलून स्वतःच्या नावाने द्यायचा नाही.

जुन्या लॅपटॉपवर मस्त चालतो, नुसती अक्षरंच आहेत. आणि एक गोष्ट मनापासून सांगायची आहे, आमच्याकडे एक दृष्टिहीन विद्यार्थी येतो, तो स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचं मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम) लावून हा गेम पूर्ण खेळला, कुणाची मदत न घेता, आणि आम्ही स्वतः खेळताना कधी न गाठलेला शेवट त्याने काढून दाखवला. घरी कुणी असं असेल तर एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर फुकट मिळतो, मराठी वाचतो, आम्ही बसवून देऊ, त्याचेही पैसे घेत नाही.

खेळ मधेच सोडायचा असेल तर "जतन कर", परत आल्यावर "परत आण". कोणता शब्द गेमला कळला नाही तर तो कागदावर लिहून आणा, आम्ही खरंच वाचतो आणि पुढच्या कॉपीत टाकतो, "काऊन" हा शब्द असाच आला. आणि पहिल्याच खोलीत जर्नल सापडत नसेल तर गादी उचला.