दाताच्या मानेशी भरलेलं सिमेंट : डेंटिनच्या जोडाची पार्श्वभूमी

सोलापूरच्या पूर्व भागात दवाखाना चालवणाऱ्याला एक वाक्य नेहमीचं झालेलं असतं : "सिमेंट निघून गेलं बघा, डॉक्टर." तोंडात पाहावं तर जागा बहुतेक ठरलेली. हिरडीजवळ, दाताच्या मानेशी पडलेली पाचरीसारखी खाच. वर्षानुवर्षं मिश्री घासून किंवा कडक ब्रश आडवा चालवून झिजलेली. दाढेतल्या खड्ड्याला निदान चार भिंती असतात, मानेच्या खाचेला एकही नाही. तिथे सिमेंट राहतं ते केवळ चिकटून, आणि चिकटायचं असतं बहुतांशी डेंटिनला, म्हणजे दाताच्या वरच्या आवरणाखालच्या थराला. जगभर नव्या बाँडची, म्हणजे सिमेंट दाताला चिकटवणाऱ्या द्रवाची, परीक्षा याच खाचांवर घेतात ती म्हणूनच.

चांदी भरत तेव्हा चिकटवण्याचा प्रश्नच नव्हता. खड्डा आत रुंद आणि तोंडाशी अरुंद कोरला की चांदी अडकून बसे. त्यापायी दाताचा चांगला भागही जाई, हे मला आजही खटकतं.

१९५५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरचे मायकेल बुओनोकोरे यांनी एनॅमलवर, म्हणजे दाताच्या वरच्या कडक आवरणावर, ८५ टक्के फॉस्फरिक आम्ल ३० सेकंद लावून पाहिलं. पृष्ठभाग सूक्ष्म खडबडीत झाला आणि राळ (रेझिन) त्याला घट्ट धरून बसली. १९६२ मध्ये राफेल बोवेन यांनी बिस-जीएमए ही राळ दिली आणि आजच्या कंपोझिटचा, म्हणजे पेशंट ज्याला सिमेंट म्हणतात त्या दाताच्या रंगाच्या भरणाचा, पाया घातला गेला. एनॅमलचा प्रश्न तिथेच जवळजवळ मिटला.

डेंटिन मात्र दाद देईना. एनॅमल वजनानं सुमारे ९६ टक्के खनिज, म्हणजे कोरडा दगडच. डेंटिनमध्ये खनिज ७० टक्क्यांच्या आसपास. उरलेलं कोलॅजन, म्हणजे प्रथिनाचे धागे, आणि पाणी. शिवाय त्यात बारीक नळ्या, दर चौरस मिलिमीटरला हजारोंनी, आणि त्यांतून आतल्या नसेकडचा ओलावा सतत वर झिरपतो. राळेला पाणी नको, आणि डेंटिन कधी कोरडं होत नाही. त्यात ड्रिल फिरवला की भुग्याचा एक-दोन मायक्रॉनचा थर वर बसतो. सुरुवातीचे बाँड चिकटत ते या थराला, आणि तो थरच दाताला सैल धरून असे. धुळीच्या भिंतीवर कागद चिकटवावा तसं.

वाट मात्र आधीच दिसलेली होती. स्विस रसायनतज्ज्ञ ऑस्कर हॅगर यांनी १९४९ मध्ये डेंटिनसाठी आम्लयुक्त राळ बनवली होती, आणि १९५२ मध्ये क्रेमर आणि मॅक्लीन यांना तिच्याखाली डेंटिनचा वेगळाच रंगणारा एक थर दिसला. त्याचा अर्थ लागायला १९८२ उजाडलं. जपानच्या नोबुओ नाकाबायाशी यांनी दाखवलं की आम्लानं खनिज काढलं की कोलॅजनची जाळी उघडी पडते, राळ तिच्यात मुरते आणि तिथेच घट्ट होते. याला त्यांनी हायब्रिड थर म्हटलं. मागावर चढवण्याआधी सुताला खळ देतात, ती नुसती धाग्यावर बसत नाही, धाग्यातही मुरते. सोलापुरात याहून जवळचं उदाहरण मला सापडत नाही. त्याआधी १९७९ मध्ये टोकियोच्या ताकाओ फुसायामा यांनी एनॅमल आणि डेंटिन दोन्हींवर एकदमच आम्ल लावलं, तेव्हा नसेला इजा होईल या भीतीनं पाश्चात्त्य दंतवैद्य बिचकले होते.

तरी एक अडचण राहिलीच. आम्ल धुऊन हवेनं खडखडीत वाळवलं की ती जाळी मिटते. तळ्यातलं शेवाळ पाण्यात मोकळं उभं असतं, पाणी ओसरलं की दगडाला चिकटून पडतं, तसं. मग राळ आत शिरणार कुठून? १९९२ च्या सुमारास जॉन कांका यांनी डेंटिन ओलसरच ठेवायला सांगितलं. पण ओलसर म्हणजे किती, हे हातालाच शिकावं लागतं. पुढे आले ते स्वतःच आम्लाचं काम करणारे बाँड. त्यांपैकी १०-एमडीपी हा घटक असलेले दाताच्या कॅल्शियमशी रासायनिक बंधही जोडतात, आणि मानेच्या खाचेसाठी मी तेच पसंत करतो.

निघालेल्या सिमेंटचा दोष दर वेळी बाटलीचा नसतो. मिश्रीच्या खाचेतलं डेंटिन वर्षानुवर्षांच्या घासण्यानं चकचकीत आणि कडक झालेलं असतं, नळ्या खनिजानं बुजलेल्या असतात, आम्ल आत शिरत नाही. ड्रिलच्या टोकानं (बरनं) ते आधी हलकं खरवडावं लागतं. कंपोझिट घट्ट होताना दोन-तीन टक्के आकसतं आणि जोडाला ओढतं, म्हणून थोडं थोडं भरायचं. जिथे राळ पोचलीच नाही तिथलं कोलॅजन दातातलीच एन्झाइमं हळूहळू कुरतडतात. आज चांगला दिसणारा जोड काही वर्षांनी सुटतो तो यामुळे. आणि सोलापूरचा मे महिना! पारा चाळिशीपार गेलेला असताना बाँडची बाटली उघडी राहिली तर त्यातलं अ‍ॅसिटोन किंवा अल्कोहोल उडून जातं, राळ दाट होते आणि जाळीत मुरत नाही.

हिरडीतून रक्त किंवा ओल थांबतच नसेल, तर मी कंपोझिटचा हट्ट धरत नाही. विल्सन आणि केंट यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला आणलेलं ग्लास आयनोमर हे दुसरं भरण दिसायला तितकं देखणं नाही, पण ते डेंटिनला स्वतःहून धरतं आणि ओल कंपोझिटपेक्षा बरी सोसतं. पेशंटला मिश्री सोडायला मात्र तेव्हाही सांगावंच लागतं, नाहीतर भरलेल्या खाचेशेजारीच दात पुन्हा झिजायला लागतो.