बुरशी आलेले शेंगदाणे भाजले की चालतात?
"शेंगदाण्यांना बुरशी आली तर पुसून खरपूस भाजा, विष जळून जातं" हा निरोप दर पावसाळ्यात नागपुरात फिरतो. भाजल्यावर बुरशी मरते, हे खरं. पण तिने आधीच दाण्यात सोडलेलं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष बऱ्याच अंशी तसंच उरतं. ते पुरतं नष्ट व्हायला साधारण २५० अंश सेल्सिअसची उष्णता लागते. दाण्याचा गाभा तेवढा तापला तर दाणा करपूनच जाईल. एखाद्या घासाने घाबरू नका. वर्षानुवर्षं पोटात जात राहिलं तर यकृताच्या कर्करोगाचा धोका वाढतो, हिपॅटायटिस बी असलेल्यांना तर कितीतरी पटींनी. म्हणून इतवारीच्या बाजारातून पोतंभर न आणता थोडे घ्या. दाणा फोडून पाहा: आत हिरवट-काळसर दिसला, सुरकुतलेला असला तर फेका, कडू लागला तर थुंका. वरून स्वच्छ दिसणाऱ्या दाण्याची पक्की खात्री मात्र प्रयोगशाळेतच होते.