कोकणचा किनारा आणि दिशा बदलणारं पाणी

शिनाणे नावाचे शिंपले खडकालाच का धरतात आणि ‘तिसऱ्या’ म्हणतात ते छोटे शिंपले खाडीच्या रेतीतच का मिळतात, याचं कोकणातलं जुनं उत्तर तळावर बोट ठेवतं: कुठे खडक, कुठे रेती, कुठे चिखल. ते खरं आहे, पण अर्धंच. जीव तिथे पोहोचला कसा, हे त्यात येत नाही.

एका जागी चिकटून जगणाऱ्या या प्राण्यांचं बालपण तरंगण्यात जातं. १८३०च्या सुमारास आयर्लंडमध्ये जॉन व्हॉन थॉम्पसन या लष्करी डॉक्टरने पाण्यातून गाळलेल्या इवल्या पोहणाऱ्या जिवाचं बार्नेकल, म्हणजे खडकांना घट्ट चिकटणारा छोटा कवचवाला प्राणी, होताना पाहिलं. तोवर बार्नेकलची गणना शिंपल्यांच्या कुळात व्हायची! शिंपल्यांच्या अळ्याही काही आठवडे पाण्यावर तरंगतात. तेवढ्या दिवसांत प्रवाह नेईल तिकडे जायचं.

प्रवाहांचे पहिले नकाशे जहाजांच्या नोंदवह्यांतून निघाले. हिशेबाने जहाज जिथे असायला हवं आणि प्रत्यक्षात जिथे सापडलं, त्यातल्या फरकावरून पाण्याची ओढ काढत. पुढे १९३३-३४मध्ये ‘मबाहिस’ जहाजावरच्या जॉन मरे मोहिमेला अरबी समुद्रात खोलवर प्राणवायू अगदी कमी असलेला थर आढळला. साठच्या दशकात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली आणि तिच्या पाठोपाठ १९६६मध्ये गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली.

या संस्थेच्या १९८७-८८च्या सफरींनी किनाऱ्यालगतच्या प्रवाहाचं चित्र बरंच स्पष्ट केलं. पावसाळ्यात तो दक्षिणेकडे वाहतो, हिवाळ्यात उत्तरेकडे, तेही समोरून येणाऱ्या वाऱ्याला न जुमानता. मला या सगळ्या इतिहासातली हीच गोष्ट सर्वांत नवलाची वाटते. कारण या उलट्या प्रवाहामागचा काही जोर बंगालच्या उपसागरातून येतो. तिथल्या वाऱ्यांनी उठलेल्या लाटा किनारा धरत, भारत-श्रीलंकेच्या टोकाला वळसा घालून इकडे पोहोचतात. उपसागरातलं कमी खारट पाणीही हिवाळ्यात याच वाटेने उत्तरेकडे सरकतं.

म्हणजे एकाच खडकावरची अंडी पावसाळ्यात सुटली तर अळ्यांची ओढ गोव्याकडे आणि थंडीत सुटली तर मुंबईकडे. सगळ्याच अळ्या अर्थात लांब जात नाहीत. खाडीच्या तोंडाशी भरती-ओहोटीच्या येरझारांत बऱ्याच तिथेच घुटमळतात.

पावसाळी प्रवाहाबरोबर खालचं कमी प्राणवायूचं पाणीही किनाऱ्याकडे चढतं. वर पावसाच्या गोड्या पाण्याचा थर असल्याने ते हवेशी मिसळत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात मासे तिथून निघून जाऊ शकतात. तळाला रुतलेल्या शिंपल्यांना ती सोय नाही.