कोरडवाहू शेतकऱ्याला मोफत वकील कसा मिळू लागला

विदर्भातल्या तालुका कोर्टात दिवाणी दावा म्हटला की मुळाशी बहुधा जमीनच असते. कुणी धुरा, म्हणजे शेताचा बांध, कोरला, कुणी पांदण (शेताची वाट) अडवली, भावांनी बहिणीचं नाव सातबाऱ्यावर चढूच दिलं नाही, सावकारानं उसनवारीपोटी थेट खरेदीखत करून घेतलं. फौजदारीत अडकलेल्याला वकील हवा हे सगळ्यांना पटतं. दिवाणीत मात्र पैसा नसलेला माणूस मुकाट्यानं हक्क सोडून देतो, आणि त्याची कुठे नोंदही होत नाही.

जुनी सोय होती ती 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतली. आदेश 33 खाली निर्धन माणसाला कोर्ट फी न भरता दावा लावता येतो. पण आधी ऐपतीची चौकशी होते, सरकारी वकील आणि विरुद्ध पक्ष हरकत घेऊ शकतात. वादातली मालमत्ता त्यात धरत नाहीत, बाकीची धरतात. कोरडवाहू शेतकरी नेमका इथे अडकतो. भांडण धुऱ्यालगतच्या नांगराच्या दोन तासांचं, पण उरलेली चार एकर त्याच्याच नावावर. कागदावर तो मालदार, आणि घरात पेरणीला बियाणं नाही. शिवाय फी माफ झाली तरी वकील कोण देणार? कोर्टानं वकील नेमून देण्याचा नियम आदेश 33 मध्ये आला तो 1976 च्या दुरुस्तीनं.

मुंबई प्रांतानं 1949 मध्ये न्या. एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली कायदेविषयक मदतीसाठी समिती नेमली होती. विदर्भ तेव्हा मध्य प्रांत-वऱ्हाडात होता, मुंबई राज्यात आला 1956 मध्ये. पुढे न्या. कृष्ण अय्यर समितीचा 1973 चा अहवाल आला आणि 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीनं मोफत कायदेविषयक मदतीचा अनुच्छेद 39-अ आणला. विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला 1987 मध्ये, पण लागू व्हायला 9 नोव्हेंबर 1995 उजाडावा लागला. गरिबांच्या कायद्याला आठ वर्षं थांबावं लागलं, हे मला आजही खटकतं.

या कायद्यानं मोजमापच बदललं. मोफत वकील कुणाला ते ठरवणारं कलम 12 जमीन किती ते विचारत नाही, वार्षिक उत्पन्न विचारतं. महाराष्ट्रात ही मर्यादा 3 लाख रुपये आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, दिव्यांग यांना उत्पन्नाची अटच नाही. दुष्काळ आणि पूर यांनी नाडलेल्यांचाही कलमात स्पष्ट उल्लेख आहे. उत्पन्नासाठी प्रतिज्ञापत्र पुरेसं मानता येतं. मदत फक्त दिवाणी न्यायाधीशापुढेच मिळते असंही नाही; महसुली न्यायालयं त्यात येतात, म्हणून फेरफाराच्या, म्हणजे सातबाऱ्यावरच्या नावबदलाच्या, अपिलातही वकील मागता येतो.

आत्महत्याग्रस्त घरातल्या बाईचं उदाहरण घ्या. दीर वाटणी देत नाही. तिनं याच कायद्याखालच्या तालुका विधी सेवा समितीकडे मराठीत अर्ज द्यायचा. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितलेलं लिहून घेतलं जातं. मंजूर झाल्यावर समितीच्या पॅनेलवरचा (यादीतला) वकील वकीलपत्र दाखल करतो. टायपिंग, नकला, समन्सचा खर्चही तिच्यावर पडत नाही. मालमत्तेच्या वादात स्त्रियांना कोर्ट फी तर राज्य सरकारनं 1994 पासूनच माफ केली आहे. तिला उत्पन्नाचा दाखला आणायला परत पाठवणं म्हणजे कायद्याच्या सरळ विरुद्ध वागणं. अर्ज नाकारला गेला, तर समितीच्या अध्यक्षांकडे अपील करता येतं.