नियमाची मुदत आणि नियमाचा आढावा

‘अमेरिकेतल्या राज्यांत प्रत्येक प्रशासकीय नियम (कायद्याच्या आधारे सरकारी खात्यानं केलेला नियम) काही वर्षांनी आपोआप रद्द होतो’, असं वर्षानुवर्षं फिरणारा मजकूर सांगतो. हे अर्धंच खरं आहे.

न्यू जर्सीत नियमांना साधारणपणे ७ वर्षांची मुदत असते. पुन्हा मंजुरी मिळाली नाही तर ते संपतात. (अपवाद तिथेही आहेतच.) टेक्सासचा कायदा मात्र दर ४ वर्षांनी आढावा घ्यायला सांगतो. तो घेऊन नियम ठेवायचा, बदलायचा की काढायचा, हे ठरवावं लागतं. आढाव्याची तारीख म्हणजे शेवटची तारीख, असं धरल्यामुळेच घोळ होतो.

पडताळायचं तर आधी त्या राज्याचा प्रशासकीय कार्यपद्धतीचा कायदा वाचा. त्यात मुदतीचं कलम असेल, तर राज्याच्या नियमसंग्रहात तो नियम ज्या प्रकरणात (चॅप्टरमध्ये) आहे, त्याची मुदत संपण्याची तारीख पाहा. न्यू जर्सीत ती प्रकरणाच्या सुरुवातीलाच छापलेली असते. मग मुदतवाढ झाली का, ते राज्याच्या राजपत्रात तपासा.